फुटक्या मूर्तींना डोळे

काका एका वेळी दोन चष्मे लावायचे. एक जवळचा आणि त्याच्यावर दुसरा, त्याहून जवळचा. वरच्या चष्म्याच्या काड्या कानावर बसत नसत म्हणून त्या सुतळीने डोक्यामागे बांधलेल्या. असे बांधलेले काका मूर्तीसमोर बसले की कारखान्यातल्या आम्ही सगळ्या बायका तोंडाला पदर लावायचो. हसण्याचा आवाज आला तर ते कुंचला ठेवून उठत आणि मग दोन दिवस फिरकत नसत. गणपती तोंडावर आलेले असताना दोन दिवस आखणी बंद म्हणजे कारखानदाराचा जीव जायची वेळ. इथे कारखानदार तेच होते, त्यामुळे ओरडायचं कोणी आणि कोणावर?

आमचं गाव पेणच्या खाडीकडच्या अंगाला, हमरापूरपासून फार लांब नाही. गावाचं नाव मी लिहीत नाही. इथे घरोघर गणपती होतात. साच्यातून मूर्ती निघाली की ती घासायची, मग पांढरा रंग, मग बाकीचे रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे काढण्याला आखणी म्हणतात. मी घासकामाला होते. दिवसभर प्लॅस्टरची पूड उडायची, संध्याकाळी पापण्यासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. काकांची आखणी बघायला दुसऱ्या गावचे कारखानदार यायचे. ते त्यांना आपल्याकडे घेऊन जायचे, आणि काका जायचे तेही छत्री घेऊन, छत्रीच्या आत कुंचले बांधून, पाऊस असो वा नसो.

आखणी झाली नाही तोवर ती मूर्ती आम्ही ओलांडतो. पायाने बाजूला सरकवतो, तिच्यावर पोतं टाकतो, फुटली तर टोपलीत घालून बाहेर ओततो. एकदा डोळे आखले की मग तिच्याकडे पाठ करून बसायचं नाही. पाय लागला तर हात जोडायचे. हे कोणाला शिकवावं लागत नाही. लहान पोरंसुद्धा पाळतात. काका म्हणायचे, "डोळे नायत तवर माल. डोळे आले की मालक." आणि ते नुसतं म्हणायचे नाहीत. डोळे आखून झाले की आपल्याच कारखान्यात ते चप्पल काढून हातात घेऊन चालायचे.

एकदा मुंबईचा एक व्यापारी आला. मोबाईलवर चित्र दाखवून म्हणाला, असे डोळे पाहिजेत, कुठूनही बघितलं तरी आपल्याकडे बघतायत असे. काकांनी दोन्ही चष्मे वर केले आणि विचारलं, "बाप्पाला दुसरा धंदा नाय काय? तुझ्याकडंच बघत बसायचा त्यानं?" व्यापारी रागावून गेला. काकी आतून म्हणाली, "घालवा. अजून कोण येतंय काय बघा, त्याला पण घालवा."

काकी म्हणजे काकांची बायको. पोह्याचे पापड लाटायची आणि पेणच्या दुकानांना द्यायची. घर बऱ्याच वेळा तिच्याच पापडावर चालायचं. गावचा सरपंच तिचा सख्खा धाकटा भाऊ. काका आणि सरपंच या मेव्हण्या-मेव्हण्यांचं जमत नव्हतं असं कोणी म्हणेल, पण एकमेकांशी भांडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

काका एकदा पंचायतीत सदस्य म्हणूनही निवडून आले होते. त्यांनी एकच ठराव मांडला. कारखान्यात भांडी आणि साचे धुतलेलं पांढरं पाणी गटारात सोडायचं नाही, कारण गटार तलावात जातं. प्रत्येकाने आपल्या अंगणात खड्डा घ्यायचा, त्यात पाणी सोडायचं, प्लॅस्टर खाली बसतं. ठराव मंजूर झाला. खड्डा कोणीच घेतला नाही. काकांनी थोडे दिवस वाट बघितली आणि मग पहार-फावडं घेऊन ते दुसऱ्यांच्या अंगणात जाऊन स्वतःच खणायला लागले. न विचारता. सरपंचाच्या अंगणातही खणला. त्याच आठवड्यात सरपंचाकडे मुलीला बघायला पाहुणे आले होते, त्यातला मुलाचा मामा त्या खड्ड्यात पडला. लग्न मोडलं नाही, पण काका पुढच्या निवडणुकीत पडले. सरपंच म्हणाला, "भावोजी, मामा वर आला, तुमी काय वर येत नाय आता."

आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसले होते.

आता तलावाचं सांगते. गावाच्या खालच्या अंगाला तलाव आहे, म्हणजे होता. आमच्या आळीची विहीर त्याला लागून. तलावात पाणी असलं की विहिरीला मे महिन्यातही पाणी असायचं. नळ येतो तेव्हा येतो, त्याचा भरवसा नाही. माझ्या घराचं पिणं, रांधणं, धुणं सगळं त्या विहिरीवर. तलावाच्या काठाला फुटक्या मूर्तींचा ढीग होता. साऱ्या गावाचा माल वर्षानुवर्षं तिथेच ओतला जायचा. हात नसलेले, सोंड नसलेले, नुसती पोटं, नुसते मुकुट. सगळे बिनडोळ्यांचे, त्यामुळे कोणाला काही वाटत नव्हतं. पोरं त्यावर चढून पतंग उडवायची.

एका ग्रामसभेत सरपंचाने योजना सांगितली. तो बोलायला फार गोड आहे. म्हणाला, "आपल्याकडं कचरा हाय आणि जागा नाय. मग कचऱ्याचीच जागा केली तर?" लोक हसले. "अर्धा तलाव या ढिगानं भरायचा. वर माती दाबून पत्र्याचे गाळे काढायचे. ज्यांच्याकडं कारखान्याला जागा नाय त्यांना भाड्यानं द्यायचे. पंचायतीला उत्पन्न, बायकांना गावातच काम. उरलेल्या अर्ध्या तलावाला कठडा, बाकडी, फिरायला वाट, कडेनं झाडं. विकास पण झाला, पर्यावरण पण राखलं."

काका उठले. "अर्धा तलाव कसा राखणार रे? म्हैस अर्धी ठेवलीस तर दूध कुठच्या अर्ध्याचं काढशील?"

"भावोजी, म्हैस म्हातारी झाली. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी असतं तिथं."

"तू उतरलास कवा शेवटचा?"

"ते जाऊ दे. ढिगात सगळ्यात जास्त माल कोणाचा हाय ते सांगू काय सभेला?"

"तू कशाला सांगतोस, मीच सांगतो. माझा हाय. म्हणून तर वास मला पयला आला."

लोक पुन्हा हसले. मग हात वर करायला सांगितलं आणि पुरुषांचे बहुतेक हात वर गेले. बायकांच्या बाजूला कोणी बघितलंच नाही. पण खरं सांगायचं तर बायकांतही बऱ्याच जणींना गाळे हवे होते. माझ्या शेजारची माझ्या कानात म्हणाली, "गावात काम आलं तर रोज पेणला लोंबकळत जायला नको गो." तिचं काही खोटं नव्हतं. तिची दोन पोरं घरी एकटी असायची. पण तिचं घर वरच्या आळीला, तिथल्या विहिरीचा तलावाशी संबंध नाही.

सभेहून आल्यावर काकांनी हातगाडी काढली आणि ढिगातला आपला माल ओळखून परत आणायला सुरुवात केली. त्यांच्या साच्याचे कान त्यांना बरोबर ओळखू यायचे. सगळं अंगणात ओतलं. काकीला पापड वाळत घालायला जागा उरली नाही. ती मला म्हणाली, "बघ गो, लोकं घरात लक्ष्मी आणतात, यांनी गणपतीचे तंगडे आणले." पण तिने पापड शेजारच्या गच्चीवर नेऊन घातले. एवढं करून ढीग जरासाच कमी झाला. बाकीच्या गावाचा माल काका कुठे नेणार?

पुढच्या आठवड्यात काम सुरू व्हायचं होतं. जेसीबी येऊन उभा राहिला होता. सकाळी मी विहिरीवर गेले आणि घागर तिथेच ठेवली. ढीग माझ्याकडे बघत होता.

काका ढिगावर बसले होते. दोन्ही चष्मे, सुतळी, बाजूला उघडी छत्री, एका करवंटीत काळा रंग, एकीत पांढरा. एक एक फुटकी मूर्ती मांडीवर घेऊन तिला डोळे आखत होते. नाक नसलेल्याला, सोंड तुटलेल्याला, कपाळाला तडा गेलेल्याला. ज्याचं अर्धंच तोंड होतं त्याला एकच डोळा, पण तो पूर्ण. घाईचं काम नव्हतं. व्यापाऱ्याच्या मालाला जेवढा वेळ देत तेवढाच वेळ.

"काका, काय करताय?" मी विचारलं. मी सहसा त्यांच्याशी आपणहून बोलत नसे.

त्यांनी मान वर केली नाही. "आता टाक म्हणावं त्याला यांच्यावर माती."

दोन-तीन दिवस ते तिथेच, माथ्यावरच्या बिनडोळ्यांच्या तुकड्यांत जागा करून बसून होते. काकी डबा घेऊन यायची आणि ढिगाखाली उभी राहून हाका मारायची, कारण तिला आता वर चढता येत नव्हतं, पाय देवावर पडला असता. जेसीबीवाला आला, त्याने ढीग बघितला, चपला काढल्या, हात जोडले आणि जाऊन सावलीत बसला. सरपंचाने त्याला शिव्या घातल्या. तो म्हणाला, "साहेब, मला पोरंबाळं हायत." प्लॅस्टर ओतायला आलेले टेम्पो परत गेले. पोरांनी पतंग बंद केले. वरच्या आळीच्या बायका फुलं घेऊन आल्या, हळद-कुंकू वाहिलं. माझी शेजारीणही आली. सभेत हात वर करणारे पुरुष ढिगाला वळसा घालून जायला लागले.

काका त्या दिवसांत फार खूश होते. कारखान्यात येऊन चहा पिताना म्हणाले, "पंचायतीचा ठराव मोडता येत नाय म्हणतात. मी नाय मोडला. फक्त ठरावाला डोळे लावले." घासकामाच्या आम्ही सगळ्या जणी हसलो आणि ते रागावले नाहीत. मला वाटलं, विहीर वाचली. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, वाचली.

पण देव असे उघड्यावर किती दिवस ठेवणार? हे पहिल्यांदा कोण बोललं ते मला माहीत नाही. चुलीपाशी, रिक्षात, दुकानात सगळीकडे तेच सुरू झालं. डोळे आलेत आणि पूजा नाही, नैवेद्य नाही, अंगं भंगलेली. वर ऊन, खाली कुत्री. एकीच्या पोराला ताप आला तर ती म्हणाली, ढिगावरून जाताना त्याने बोट दाखवलं होतं. संध्याकाळी त्या वाटेने जायला लोक घाबरायला लागले. भंगलेल्या देवाचं काय करतात हे गावात कोणाला विचारायची गरज नव्हती. भंगलेला देव पाण्यात सोडतात.

सरपंचाला एवढंच पाहिजे होतं. पण त्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. त्याच्या बायकोने उपास धरला होता, ती खरंच घाबरली होती. ग्रामसेवक आले होते, ते हळूच म्हणाले की प्लॅस्टर असं पाण्यात सोडता येत नाही, नियम आहे. सरपंच म्हणाला, "ते नियम उत्सवाचे. हे उत्सवाचे गणपती कुठं हायत? हे भंगलेले देव. गावाच्या जिवाचा प्रश्न हाय." ग्रामसेवकांनी पिशवी उचलली. त्यांना संध्याकाळची एसटी पकडायची होती.

विसर्जनाच्या दिवशी वाजवायला बेंजोचा ताफा आणला होता. जेसीबीला झेंडूची माळ घातली होती, त्याच्या पुढच्या दातांना कुंकू लावलं होतं. सगळं गाव तलावावर आलं. काका बांधावर उभे होते, एकही चष्मा न लावता. आरती झाली. नारळ फुटला. मग सरपंच काकांसमोर येऊन उभा राहिला. बेंजो थांबवायला लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"भावोजी, तुमी गावातले मोठे. एकदा सांगा, हे देव नायत, नुसतं प्लॅस्टर हाय. आत्ता थांबवतो, तलाव भरायचा ठराव पण मागं घेतो. बेंजोवाल्याला पण परत पाठवतो."

मी त्यांच्यापासून फार लांब नव्हते. काकी माझ्या बाजूला होती. ती पुटपुटली, "सांगा ना, सांगा." मीही मनात म्हणत होते, सांगा काका, काय जातंय. एकदा म्हणा, प्लॅस्टर हाय. गाव म्हणेल म्हातारा पलटला, दोन दिवस हसेल, पाणी राहील.

काकांनी ढिगाकडे बघितलं. सगळ्या डोळ्यांवर त्यांचीच आखणी होती.

"देव हायत," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

बेंजो सुरू झाला. जेसीबीने ढीग लोटला. पहिल्यांदा मोठे तुकडे गेले, ते गेल्यावर पाणी वर आलं आणि काठावर उभ्या असलेल्या बायकांच्या पायाला लागलं, तशा त्यांनी ते पाणी डोळ्यांना लावलं. मग ढीगच्या ढीग गेला. प्लॅस्टर विरघळत नाही. ते बसलं. दुसऱ्या दिवशी अर्धा तलाव दुधासारखा पांढरा होता आणि त्यातून सोंडा वर आलेल्या होत्या. देव पाण्यात गेले होते, आता वर माती टाकायला कोणाची हरकत नव्हती. विसर्जन झालेल्या देवाचं देवपण संपतं, हेही गावात सगळ्यांना माहीत होतं.

मला काकांचा राग आहे. इतकी वर्षं झाली तरी आहे. लोक त्यांना खुळे म्हणतात, मी म्हणत नाही. ते शहाणे होते, म्हणून तर राग आहे. आमची विहीर वाचवायला ज्यांनी फुटक्या प्लॅस्टरला डोळे दिले, त्यांनीच ती विहीर एका शब्दापायी घालवली. तो शब्द खोटा होता असं मी म्हणत नाही. मीसुद्धा त्या ढिगाला हात जोडले होते. पण पाणी भरणारी ती मी, ते नाहीत. खरं बोलायचा मान त्यांना मिळाला आणि घागर आमच्या डोक्यावर राहिली.

गाळे झाले. काम आलं, हे मान्य केलं पाहिजे. मीही आता तिथेच घासकामाला जाते, जिथे आधी पाणी होतं तिथे. माझ्या शेजारणीची पोरं दुपारी तिच्याजवळ जेवायला यायला लागली. उरलेल्या तलावाला कठडा लागला, त्यावर निळे-पिवळे मासे रंगवले आहेत. बाकड्यांवर कोणी बसत नाही, वास येतो. विहिरीला पाणी आहे, पण त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ कितीही वेळ ठेवली तरी दाणा दाणा वेगळा राहतो. आमच्या आळीला पंचायतीचा टँकर येतो. उद्घाटनाला मोठे लोक आले होते. सरपंच भाषणात म्हणाला, आमच्या भावोजींनी देवाच्या मार्गाने गावाला वाट दाखवली. काका त्या दिवशी गावात नव्हते.

त्या विसर्जनानंतर त्यांनी आखणी केली नाही. कोणी न्यायला आलं तर काकीला पुढे करायचे. कारखाना बंद पडला, साचे कोणीतरी घेऊन गेलं. मग मुलीने दोघांना रोह्याला नेलं. जावई तिथे कंपनीत शिफ्टला आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी रोह्याला गेले होते. माझ्या नणंदेकडे काम होतं, म्हटलं काकीला भेटून यावं. दोन खोल्यांचं घर, कंपन्यांच्या बाजूला. काकी पापड लाटतच होती, पण आता घरापुरते. काका गॅलरीत बसले होते. मोतीबिंदू काढला आहे, एकच चष्मा लावतात, तोही साधा. मला ओळखलं. म्हणाले, "घासकामवाली ना गो तू?" मी म्हटलं, "व्हय."

नातू आतून ओरडत होता, काकी चहा ठेवत होती. रस्त्यावरून कंपनीची बस गेली. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग काकांनी काकी ऐकत नाही ना ते बघितलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"विहिरीचा पाणी कसा हाय?"

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. एवढं म्हातारं माणूस. मी म्हटलं, "चांगला हाय काका. पयल्यासारखाच."

"डाळ शिजते?"

"शिजते की."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतात की काय. पण ते हसले, मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी बघितलं नव्हतं. आत वळून मोठ्याने म्हणाले, "ऐकलंस काय गो? पाणी चांगला हाय! मी सांगत व्हतो ना, देवामुळं पाणी कधी बिघडत नाय. तू उगाच मला इतकी वर्षं बोल लावलास!"

काकी चहाचा कप हातात घेऊन दारात उभी राहिली. तिचं माहेरही त्याच गावात आहे, तिला सगळं माहीत होतं. तिने माझ्याकडे बघितलं. मी कप घेतला आणि खाली मान घालून चहा प्यायले.

काकांनी मला जिन्यापर्यंत सोडलं. शेवटपर्यंत तेच बोलत होते. एसटी उशिरा मिळाली. मी घरी पोचले तोवर टँकर येऊन गेला होता.